‘डीपीवर जागा नाही’ म्हणतात, ते खरं असतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तासगाव तालुक्यात मळ्यात घर, घरालगत बेदाणा साफ करायचं मशीन, थ्री फेज कनेक्शन, मंजूर भार १५ किलोवॅट. छतावर १५ किलोवॅटचं सोलर मागितलं तेव्हा वीज कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘तुमची डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) १०० केव्हीए क्षमतेची आहे, तिच्यावर आता ८ किलोवॅटचीच जागा उरली आहे.’ शेजाऱ्याला मात्र दोन वर्षांपूर्वी १५ मिळाले. तेव्हा ही मर्यादा खरी, की अडवणूक?

मी विट्याजवळ राहतो. आधी मोटार वाइंडिंग आणि वायरिंगची कामं करायचो, आता बरीच वर्षं सोलर बसवतो. खानापूर, तासगाव, पलूस, कडेगाव या भागातल्या मळ्यांवरची शंभराहून जास्त कामं केली असतील. त्या अनुभवावर सांगतो. मर्यादा खरी आहे. फक्त ऑफिस जो आकडा सांगतं त्यात ती पूर्ण दिसत नाही. ती खांबावरच्या तारेत असते, आणि दुपारी बाराला मीटर लावल्याशिवाय कळत नाही. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे लाखभर रुपये खर्चून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कागद बघू. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नेट मीटरिंगच्या (जास्तीची सोलर वीज लाईनवर सोडून बिलात वजा करून घ्यायची सोय) विनियमांत एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत सोलर जोडता येत होतं. २०१९ च्या विनियमांत ते ७० टक्के झालं. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर ७० किलोवॅट. तुमच्या डीपीवर शेजारीपाजारी मिळून ६२ जोडले असतील, म्हणून ८ उरले. ऑफिसचा हिशोब एवढाच आहे, त्यात काळंबेरं दिसत नाही. पण त्याच विनियमांत पुढे असंही आहे की लोडचा सविस्तर अभ्यास करून कंपनी त्या मर्यादेच्या वर परवानगी देऊ शकते. हा भाग तुम्हाला सहसा कोणी सांगणार नाही, तुम्हालाच विचारावा लागेल. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सध्या कोणत्या विनियमाखाली नकार दिला, तेही पत्रात लिहून मागा, कारण या नियमांत दुरुस्त्या होत असतात.

दुसरा कागद केंद्राचा. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज सर्व कागदांसह पूर्ण असेल तर तांत्रिक तपासणीशिवाय तो मंजूर झाला असं धरायचं. त्याच्या वर असेल तर तपासणी १५ दिवसांत उरकायची. आणि ५ किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरसाठी डीपी किंवा लाईन वाढवावी लागली तर तो खर्च वीज कंपनीने करायचा. तुम्ही १५ मागितलेत म्हणून तपासणीत गेलात. १० मागितले असते तर कदाचित हा प्रश्न इथे विचारायची वेळच आली नसती.

मग आता १० मागू का, असं तुम्ही म्हणाल. मागा. पण त्याआधी पुढचं वाचा, कारण कागदावर मिळालं म्हणजे तारेनं घेतलं असं होत नाही.

सुरुवातीच्या काळातलं माझं एक काम. पलूसच्या पुढे मळ्यातलं घर, लाईनच्या अगदी टोकाला. ५ किलोवॅट, सिंगल फेज. परवानगी बिनबोभाट आली, नेट मीटर लागलं, घरमालक तात्यांनी नारळ फोडला. आठवड्यात फोन, ‘अकरा-साडेअकरा वाजलं की बंद पडतंय बघा. अडीचला परत चालू हुतंय.’ माझा समज झाला की पॅनेलची वीज लाईनजोगी करून देणारा इन्व्हर्टरच खराब. कंपनीकडून बदलून आणला. तोही साडेअकराला बंद. रोज वीसेक युनिट यायला हवे होते, तिथे दहा-अकरा येत होते. ऐन उन्हात बंद पडत होतं, तेव्हा निम्मी वीज गेली म्हणायची. तात्या मला काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलानं गावात ‘सोलर काही खरं नाही’ असं सांगितलं, आणि ते मला फार लागलं.

शेवटी एके दिवशी दुपारी मीटरपाशी मल्टिमीटर धरून बसलो. २४४, २४८, २५१, २५५. त्या क्षणी इन्व्हर्टर सुटला. काही मिनिटांनी परत लागला, परत चढला, परत सुटला. इन्व्हर्टरमध्ये काहीच दोष नव्हता. नियमानं त्यानं सुटायलाच हवं होतं.

नियम असा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या मानकांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं की ग्रिडला जोडलेल्या सोलरनं दोन सेकंदांत बाजूला व्हायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. आता हे २५३ आपल्या डोक्यात फार दूर वाटतं. पण डीपीच्या अंगावरची पाटी वाचा. तिथे कमी दाबाच्या बाजूला ४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं. ते दोन फेजमधलं. एका फेजचं काढायला १.७३२ ने भागा, २५० येतं. म्हणजे लोड नसताना डीपीच्या तोंडाशीच २५० व्होल्ट असू शकतं, आणि इन्व्हर्टरची हद्द २५३. मध्ये उरले तीन व्होल्ट.

डीपी अशी का बनवतात? कारण ती सोलरसाठी बनवलेली नाही. वीज डीपीकडून घराकडे, मोटारीकडे जाणार, जाता जाता तारेत व्होल्टेज पडणार, म्हणून सुरुवातीलाच थोडं जास्त द्यायचं, ही तिची रचना. आपल्याकडे तर शेतीपंपांमुळे सबस्टेशनवरही व्होल्टेज थोडं वर धरतात. फिडरच्या, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाईनच्या, शेवटच्या डीपीवर पंप चालू असताना मोटारी जळू नयेत, यासाठी ते गरजेचंही आहे. रात्री पंपांचं पाणी सुरू असताना टोकाला १९० व्होल्ट मी स्वतः मोजलं आहे. त्याच टोकाला भर दुपारी पंप बंद असताना २५० च्या वर. एकच खांब, एकच तार. ऑफिसमधल्या इंजिनिअरनं व्होल्टेज खाली आणलं तर रात्री पंपवाले दारात येतात, वर ठेवलं तर दुपारी सोलरवाले. मला त्या माणसाची अडचण दिसते, आणि तुम्हीही ती बघावी असं मला वाटतं.

आता वीज उलटी जाते तेव्हा काय होतं? पाट उतारानं वाहतो तशी वीज जास्त व्होल्टेजकडून कमीकडे जाते. तुमच्या घरातून डीपीकडे वीज ढकलायची तर तुमच्याकडचं व्होल्टेज डीपीपेक्षा जास्त हवं. तार जितकी लांब आणि बारीक, तितकं जास्त ढकलावं लागतं.

तुमचाच हिशोब घालून दाखवतो. लाईनवरच्या तारांना प्राण्यांची नावं आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट. खार, मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी, आणि ससा. जाडी चढत जाते. स्क्विरलचा रोध किलोमीटरला सुमारे १.३७ ओहम, वीझलचा ०.९१, रॅबिटचा ०.५४. धरा, डीपीपासून तुमच्या खांबापर्यंत ४०० मीटर स्क्विरल आहे. म्हणजे एका तारेचा रोध साधारण ०.५५ ओहम. १५ किलोवॅट थ्री फेजवर म्हणजे दर फेजला २२ अँपिअरच्या आसपास. व्होल्टेज चढणार १२. दुपारी डीपीपाशी २४५ असेल तर तुमच्याकडे २५७. इन्व्हर्टर सुटलाच. तेच ८ किलोवॅट असतील तर साडेअकरा अँपिअर, चढ साडेसहा व्होल्ट, २५१ वर भागतं. आणि तिथे स्क्विरलऐवजी रॅबिट ओढली तर १५ किलोवॅटलाही चढ पाच व्होल्टांच्या आत, म्हणजे २५० च्या आत. डीपी तीच, मंजुरीचा आकडा तोच, फक्त तार बदलली. अर्थात हा कागदावरचा हिशोब आहे, घरात आणि शेजारी काहीच वापर नाही असं धरून केलेला. उन्हात तार तापली की रोध आणखी वाढतो, आणि शेजाऱ्याचे १५ त्याच लाईनवर असतील तर तेही तुमच्यात मिळतात.

म्हणून ७० टक्क्यांच्या आकड्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो सोपा आहे, ऑफिसला टेबलावर बसून काढता येतो, म्हणून आहे. गावठाणात शंभर मीटरच्या आत सगळी घरं असलेल्या डीपीवर ७० च्या वरही चालेल. मळ्यात अर्धा किलोमीटर लाईन गेलेल्या डीपीवर ३० सुद्धा जड होतील. दोघांना एकच आकडा लावला की एकावर अन्याय होतो आणि दुसरा फसतो.

यात अजून एक गोष्ट आहे जिच्याकडे कुणीच बघत नाही, आणि ती फुकटात सुधारते. फेजची वाटणी. तीन घरं, प्रत्येकी ३ किलोवॅट सिंगल फेज, सगळी वरच्यासारख्या ४०० मीटर स्क्विरलच्या टोकाला. तिन्ही घरं तीन वेगळ्या फेजवर असतील तर न्यूट्रलमध्ये जवळपास काही जात नाही, प्रत्येक फेजवर चढ सात व्होल्ट. तिन्ही एकाच फेजवर असतील तर करंट तिप्पट, आणि परतीचा रस्ता न्यूट्रलमधून, म्हणजे रोध दुप्पट. सहापट. चाळीसच्या वर व्होल्ट. तिथे एकही इन्व्हर्टर धड चालणार नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून २०२४ पासून आपल्या गल्ल्यांत ३ किलोवॅटच सगळ्यात जास्त लागतायत, आणि बहुतेक सिंगल फेज. वायरमन खांबावर चढला की हाताला येईल त्या फेजला जोडतो. त्याच्यावर दहा गावं असतात, त्याला दोष देत नाही. पण जोडताना टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं मीटर) लावून कुठली फेज हलकी आहे ते बघा म्हणून सांगणं आपल्या हातात आहे. मी आता प्रत्येक कामात आधी तेच करतो.

तात्यांकडे काय निघालं ते राहिलंच. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर. अडीच एमएम अ‍ॅल्युमिनिअम, साठ मीटर, आंब्याच्या फांदीवरून ओढलेली. चाळीस मीटर अडीच एमएममध्ये सुद्धा ३ किलोवॅटला साडेबारा व्होल्ट चढतात. त्यांचे तर साठ मीटर आणि ५ किलोवॅट. तीच वायर दहा एमएमची असती तर चढ पावपट झाला असता. आम्ही केबल बदलली, शेजारच्या खांबावरून जवळून घेतली, फेज बदलून घेतली. त्यानंतर इन्व्हर्टर फक्त सुट्टीच्या दिवशी, आजूबाजूला काहीच चालू नसताना, अधूनमधून सुटतो. केबलचा खर्च पॅनेलच्या मानानं काहीच नव्हता. आणि ती चूक माझी होती, डीपीची नाही आणि ऑफिसचीही नाही. मी काम घेतानाच वायर मोजायला हवी होती.

आता मळ्यातल्या घराचा खास धोका. तुमचं मीटर गावठाण फिडरवर आहे की शेती फिडरवर, हे आधी वायरमनला विचारा. शेती फिडरवर थ्री फेज आठ तास, आणि कित्येक आठवडे ते आठ तास रात्रीचे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट नसेल तर चालत नाही. चालूही नये, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचा प्रश्न असतो. दिवसा वस्तीसाठी नुसतं सिंगल फेज सोडलं जातं तेव्हा तुमचा थ्री फेज इन्व्हर्टर तीनही फेज सापडत नाहीत म्हणून बंदच राहणार. आठवडाभर छतावर ऊन आणि मीटरवर शून्य. अशा ठिकाणी १५ ची मंजुरी मिळाली तरी मी काम घेत नाही, आधी फिडर बदलून मिळतो का ते बघायला सांगतो.

हे चित्र हळूहळू बदलतंय, तेही सांगायला हवं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचे सोलर प्रकल्प उभारून शेती फिडर दिवसा चालवायचं ठरलं आहे. पंप दुपारी चालले की ते तिथल्या तिथे सोलरची वीज खातात, आणि टोकाचं चढलेलं व्होल्टेज आपोआप उतरतं. अडचण वरच्या पातळीलाही तीच आहे म्हणा. सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर ५ किंवा १० एमव्हीएचा, त्याच्यावर किती मेगावॅट उलटे चढवायचे यालाही हद्द आहे, आणि पावसाळ्यात पंप बंद असताना ऊन पडलं की ती हद्द जवळ येते.

शेजाऱ्याला १५ मिळाले आणि तुम्हाला ८, हे तुमच्या मनाला लागलंय, ते प्रश्नातून कळतं. जो आधी आला त्याला सगळं, ही पद्धत मलाही बरोबर वाटत नाही. डीपी सगळ्यांची आहे. ज्याच्या घरचा वापर ५ आहे त्यानं १५ अडवून ठेवायचे आणि दुपारभर बाहेर ढकलायचे, आणि नंतर आलेल्या विधवा बाईला ३ सुद्धा मिळायला महिने लागायचे, असं मी डोळ्यानं पाहिलंय. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. शंभरेक घरांचं गाव, सगळ्या गावानं मिळून केलं. तिथे ‘माझं किती’ हा प्रश्न मागे पडला आणि सगळ्यांना वाट्याला आलं. आपल्या डीपीवरच्या दहा-पंधरा घरांनी एकदा एकत्र बसून कुणाला किती लागतं ते ठरवलं, आणि कुठल्या डीपीवर किती जागा उरली हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? १५ चा हट्ट आत्ता सोडला असता आणि १० चा अर्ज केला असता. तुमचं बेदाण्याचं मशीन चालतं ते फेब्रुवारी ते मे, आणि ऊन कडक असतं तेही तेव्हाच. म्हणजे मशीन सकाळी दहा ते तीन चालवलं तर तुमची बरीचशी वीज तारेवर चढतच नाही, घरातच संपते. व्होल्टेजचा प्रश्न फक्त उरलेल्या विजेचा असतो. पाण्याची मोटार, गिझर, पिठाची चक्की, जे जे दुपारी ढकलता येईल ते ढकला. आपल्याकडे मोटार पहाटे लावायची सवय आहे, ती मोडायला घरच्यांना थोडं सांगावं लागतं.

त्यावरही मशीनला कमी पडलं, तर उरलेल्या ५ किलोवॅटसाठी बाहेर वीज न सोडणारी जोडणी करता येते. मीटरपाशी एक सेन्सर बसतो, तो बघतो की वीज बाहेर निघायला लागली, की लगेच इन्व्हर्टरला आवरतो. नेट मीटरिंगशिवाय अशी जोडणी करायची तर ऑफिसला आधी लेखी कळवणं बंधनकारक आहे, ते चुकवू नका. ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी मर्यादा बाहेर सोडायच्या विजेवर घालतात, छतावर किती पॅनेल लावायचे यावर वेगळी. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर ती हद्द तारेच्या परिस्थितीप्रमाणे दीड ते दहा किलोवॅटच्या दरम्यान बदलत राहते. मला हे जास्त न्याय्य वाटतं. वर्षातल्या ज्या थोड्या तासांत लाईन भरते तेवढ्यापुरतं आवरायचं, बाकी वर्षभर मोकळं. आपल्याकडेही हे यायला हवं. बॅटरीचं विचाराल तर, तुमच्या मशीनसाठी ती आजच्या किमतीत मला परवडणारी वाटत नाही. रात्री दिवे आणि पंखे चालावेत एवढ्यासाठी लहान घेतली तर वेगळी गोष्ट.

अर्ज करण्याआधी एवढं करा. तीन दिवस, दुपारी साडेबारा आणि रात्री आठ वाजता, मीटरपाशी तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज मोजून वहीत लिहा. पंप चालू होते की बंद, तेही शेजारी लिहा. डीपीपासून घरापर्यंत खांब मोजा, दोन खांबांतलं एक अंतर पावलांनी मोजलं तरी अंदाज येतो. सर्व्हिस वायर किती एमएमची आणि किती लांब ते बघा. मेन बंद केल्याशिवाय कशाला हात लावू नका, आणि खांबाकडची बाजू मेन बंद केला तरी जिवंत असते, ते काम वायरमनलाच करू द्या. दुपारी २४५ च्या वर दिसलं तर आधी व्होल्टेजची तक्रार लेखी द्या, नंतर सोलरचा अर्ज. हे आकडे इथेच खाली टाका, मी तुमच्या तारेचा हिशोब करून किती किलोवॅट बसतील ते सांगतो.